घटातल्या गव्हासारखा बकरीचा चारा



आज आपण बोलणार आहोत उन्हाळ्यातल्या हिरव्या चाऱ्याबद्दल. मातीशिवाय, वावराशिवाय, घरातल्या घरात, दीड-दोन हंडे पाण्यावर चारा कसा उगवायचा ते सांगणार आहोत. याला शहरात ‘हायड्रोपोनिक चारा’ म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम तुमच्या हातचंच आहे.

नवरात्रात आपण घट बसवतो. टोपलीत किंवा पत्रावळीवर थोडी माती, त्यावर गहू, मधोमध घट. रोज थोडं पाणी शिंपडतो. नवव्या दिवशी वीतभर कोंब वर आलेले असतात. देवघरात उजेड कमी असतो, म्हणून ते पिवळसर राहतात. तीच टोपली ओसरीत उजेडाला ठेवली असती, तर कोंब हिरवेगार झाले असते. घटात माती असते खरी, पण त्या नऊ दिवसांत गहू मातीचं फारसं काही खात नाही. आईनं लेकीसोबत शिदोरी बांधून द्यावी, तशी दाण्याच्या पोटात कोंबासाठी शिदोरी असते. आठ-नऊ दिवस कोंब तिच्यावरच जगतो. त्याला हवं असतं फक्त पाणी, हवा आणि थोडा उजेड. खत नको, औषध नको. माती काढून घेतली तरी तो वाढतो. आपल्याला आज एवढंच करायचं आहे. गव्हाच्या जागी मका घ्यायचा आणि टोपलीच्या जागी ट्रे.

ही गोष्ट आजची नाही. 1946 च्या सुमारास शाल्टो डग्लस नावाच्या साहेबानं बंगालात, कालिम्पाँगला, गरीब माणसाला परवडेल अशी मातीविना शेती करून पाहिली. ती पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणून जगात ओळखली गेली. आपल्या शेजारच्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रात दुभत्या गाईंना मक्याचा असा चारा देऊन अभ्यास झाला. साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी महागड्या यंत्राऐवजी बांबू आणि हिरवी जाळी वापरून आपापले मांडव उभे केले. आपण त्यांच्या वाटेनं जाऊ.

आधी हिशेब, मग बांबू

बहिणींनो, कृती सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गावात कधी कधी यंत्र विकणारे येतात. ‘एक किलो मक्याचा आठ-दहा किलो चारा करा, बकऱ्या दुप्पट वाढतील’ असं सांगतात. गटाच्या कर्जातून लाखाचं यंत्र घ्यायला लावतात. आमच्याकडेही असा एक जण येऊन गेला. बैठकीत आम्ही जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. मग आमच्यातल्या एका मावशीनं विचारलं, “एक किलोचे आठ किलो होतात, तर वरचे सात किलो येतात कुठून?” त्याला नीट उत्तर देता आलं नाही. उत्तर सोपं आहे. ते पाणी असतं.

एक किलो मक्यात पाणी सोडून जो कोरडा भाग असतो, तो साधारण 900 ग्रॅम. त्या मक्याचा आपल्या घरी पाच-साडेपाच किलो हिरवा चारा होतो. पण त्या चाऱ्यात शंभरात 87-88 भाग पाणीच. म्हणजे कोरडा भाग उरला साधारण 700 ग्रॅम. मग 200 ग्रॅम गेले कुठे? कोंबानं वाढताना शिदोरीतले खाल्ले. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा, या पद्धतीनं खाणं वाढत नाही. उलट पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतं.

मग हा उद्योग करायचा कशाला? तर कोंब फुटताना दाण्याचं रूप बदलतं. पिठूळ भाग पचायला सोपा होतो. हिरवेपणासोबत ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्य येतं, जे वाळल्या कुटारात जवळजवळ नसतंच. चारा कोवळा आणि रसाळ असतो. नुसत्या कुटाराला तोंड न लावणारी गाभण बकरीसुद्धा तो मिसळला की कुटार खाते. आणि चैत्र-वैशाखात आपल्या वऱ्हाडात हिरवं पान कुठे दिसतं? अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. बांध जळालेले असतात, निंबाचा पालाही हाताला येत नाही. अशा वेळी गाभण बकऱ्यांचे गाभ गळतात, व्यालेलीला दूध सुटत नाही, पिल्लं मरतात. मग बाई बकऱ्या मिळेल त्या भावात खाटकाला देऊन टाकते. ज्या बकऱ्यांवर लेकराची फी आणि दवाखान्याचा खर्च भागायचा, त्या पावसाळ्याच्या तोंडावर दावणीतून जातात. ते थांबवण्यापुरता हा चारा उपयोगी आहे. पोट भरायला कुटार-कडबा, आणि त्याच्या जोडीला हा हिरवा घास. भाकरीसोबत कांद्याची पात असावी तसा.

आता पैशाचा हिशेब. मका 25 रुपये किलो धरू. तुमच्या बाजारात जो भाव असेल तो तुम्ही धरा. रोज दीड किलो मका लागला, तर साडेसदतीस रुपये. त्यातून आठ किलोच्या आसपास चारा, म्हणजे पावणेपाच रुपये किलो. नव्वद दिवसांचे 135 किलो मक्याचे झाले 3,375 रुपये. मांडणी आणि ट्रेचा खर्च वेगळा. आमचा तो दोन हजारांच्या आत झाला, कारण बांबू घरचे होते. दहा बकऱ्यांमागे रोजचे बकरीला चार रुपये. एक गाभण बकरी वाचली, तिची दोन पिल्लं जगली, तर हा खर्च निघून वर पैसा राहतो. पण लाखाच्या यंत्राचं व्याज असल्या हिशेबात निघत नाही. म्हणून या कामासाठी कर्ज काढू नका, हे आमचं पहिलं सांगणं.

कोणता दाणा घ्यायचा

मका सगळ्यात बरा. कोंब जाड येतो, चारा भरपूर होतो. गहूही चालतो.

जवारी मात्र कधीच नाही. आपल्या घरात जवारी असते, म्हणून हात तिकडे जातो. पण जवारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. कापणीनंतर धांड्याला फुटलेले कोवळे फुटवे खाऊन ढोर तडफडून मेल्याचं तुम्ही ऐकलं असेल. हे तेच विष. बकरीला वाचवायला वेळसुद्धा मिळत नाही.

दुसरी गोष्ट, पेरणीचं पिशवीतलं बियाणं घ्यायचं नाही. त्याला गुलाबी, निळं, हिरवं औषध लावलेलं असतं. धुऊन ते पुरतं जात नाही. कोठीत कीड लागू नये म्हणून पावडर लावलेला मकाही नको. खाण्याचा, वर्षाच्या आतला, न फुटलेला, न किडलेला मका हवा. फुटका दाणा उगवत नाही, तो सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो.

पोतं विकत घेण्याआधी मूठभर मका आणून परीक्षा घ्या. शंभर दाणे मोजून रात्री भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, फडकं ओलं ठेवा. तिसऱ्या दिवशी मोजा. 85 च्या वर उगवले तर मका चांगला. 70 उगवले तर ते पोतं घेऊ नका, स्वस्त असलं तरी.

खारपाणपट्ट्यातल्या बहिणींसाठी

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आपला खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागातल्या बहिणींना तो सांगायला नको. बोअरचं पाणी चुळीला घेतलं तरी कळतं. या पाण्यात मका नीट उगवत नाही. दाण्याला पाणी ओढून घ्यायचं असतं, आणि खाऱ्या पाण्यातून ते ओढणं त्याला जड जातं.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. पहिल्या खेपेला आम्ही बोअरच्या पाण्यात मका भिजवला आणि शिंपडलंही तेच. चौथ्या दिवशी अर्धे दाणे तसेच होते आणि खालून आंबट वास येत होता. सगळा ट्रे उकिरड्यावर टाकावा लागला. आम्ही मक्याला दोष दिला. मग एकीनं त्याच मक्याचे शंभर-शंभर दाणे दोन वाट्यांत भिजवले, एका वाटीत बोअरचं पाणी आणि दुसरीत नळाचं. तीन दिवसांनी दोन्ही वाट्या बैठकीत फिरवल्या. सांगायची गरजच राहिली नाही.

तुम्हीही ही दोन वाट्यांची परीक्षा करा. वान धरणाचं, शहानूर धरणाचं किंवा दुसऱ्या कोणत्या योजनेचं नळाचं गोडं पाणी येत असेल, तर तेच वापरा. रोज दीड-दोन हंडे लागतात. आणि प्यायच्याच पाण्याची ओढाताण असेल, नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर हा उद्योग तुमच्यासाठी नाही. आधी घर, मग बकरी. अशा घरांसाठी दुसरा उपाय पुढे सांगतो.

मांडणी

दहा बकऱ्यांचा अंदाज धरून सांगतो. दीड फूट रुंद आणि दोन फूट लांब असे आठ प्लास्टिकचे ट्रे घ्या. ट्रे मिळाले नाहीत तर स्वच्छ प्लास्टिकचा डबा आडवा कापून चालतो. औषधाचा, फवारणीच्या विषाचा डबा मात्र कितीही धुतला तरी नको. पत्र्याचा डबाही नको, तो गंजतो. ट्रेच्या तळाला तापवलेल्या खिळ्यानं बारीक छिद्रं पाडा, पाणी थांबता कामा नये.

बांबूची चार खणांची मांडणी करा. लांबी साडेचार फूट, रुंदी पावणेदोन फूट, दोन खणांत एक-सव्वा फुटाचं अंतर. एका खणात दोन ट्रे, म्हणजे आठ ट्रे झाले. सुतळीनं घट्ट बांधा. ओले ट्रे जड होतात. एका अंगाला बोटभर उतार द्या, म्हणजे निथळलेलं पाणी एका बाजूला येईल. तिथे बादली ठेवा. ते पाणी परत ट्रेवर घालायचं नाही. त्यातून बुरशी एका ट्रेतून दुसऱ्यात जाते. ते शेवग्याला, परसातल्या वांग्याला घाला.

जागा कोणती? मातीच्या भिंतीची, कौलाची किंवा कुडाची खोली उत्तम. टिनाखाली दुपारी भट्टी होते, तिथे कोंब शिजतात. या चाऱ्याला साधारण 20 ते 30 अंशांची हवा मानवते. मांडणीच्या तिन्ही अंगांनी बारदान्याचे पडदे सोडा आणि ते ओले ठेवा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, म्हणून ओलं बारदान चांगलं गार करतं. कूलरची ताटी हेच काम करते. पडदे भिजवायला मात्र खारं पाणीही चालेल, फक्त ते ट्रेत पडू देऊ नका. ऊन थेट नको, पण दारातून-खिडकीतून येणारा उजेड हवा. खास दिवे लावायची गरज नाही. आणि कोंबड्या, उंदीर, बकऱ्या यांना वाट मिळणार नाही अशी जागा असावी. बकरीला वास लागला की ती दोर तोडून येते.

रोजची कृती

पहिल्या दिवशी संध्याकाळी दीड किलो मका निवडा. बादलीभर पाण्यात टाकून हलवा. वर तरंगतात ते पोकळ दाणे काढून टाका. मग पाच लिटर पाण्यात चहाचा एक चमचा ब्लीचिंग पावडर, म्हणजे पाणीपुरवठ्याची माणसं विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर, विरघळवा आणि त्यात मका अर्धा तास ठेवा. यानं दाण्यावरची बुरशी मरते. नंतर साध्या पाण्यानं तीन वेळा धुवा, वास जाईपर्यंत. आता स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजू द्या. बारा तास पुरे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काढून मका ओल्या, स्वच्छ बारदान्यात सैल बांधा. मटकीला मोड आणतो तसं. दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडा. चोवीस तासांत पांढरं टोक दिसतं.

तिसऱ्या दिवशी मोड आलेला मका ट्रेत पसरा. थर एका बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. हात सैल सोडून जास्त दाणे टाकायचा मोह होतो, पण जाड थरात मधल्या दाण्यांना हवा लागत नाही, ते तापतात आणि सडतात.

मग सात दिवस फक्त पाणी. झारीनं किंवा हातपंपाच्या छोट्या बाटलीनं दिवसा दर दोन तासांनी हलकं शिंपडायचं. पहाटे पाचला पहिलं, रात्री दहाला शेवटचं. रात्री बारदान ओलं असलं की पुरतं. एका वेळी थोडंच शिंपडा. ट्रे ओला राहिला पाहिजे, त्यात डबकं साचायला नको. दुपारी सगळ्या कामाला जाणार असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा शाळेतून आलेल्या लेकराला हे काम द्या. आमच्याकडे एका आजीनं ते घेतलं आहे. माळ फिरवते आणि मध्येच उठून पाणी मारते.

इथे एक कळकळीचं सांगणं. कपाशीवर फवारणी करतो तो पंप यासाठी कधीही वापरू नका, धुऊनसुद्धा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं किती शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ते विष पंपाच्या नळीत राहतं. तिथून चाऱ्यात, चाऱ्यातून दुधात आणि दुधातून आपल्या लेकरात यायला वेळ लागत नाही. चाऱ्यासाठी वेगळी बाटली ठेवा, तिला लाल दोरा बांधा.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुळं एकमेकांत गुंततात आणि खाली पांढरी चटई तयार होते. ट्रेत ठेवल्याच्या सातव्या दिवशी वर वीतभर हिरवे कोंब येतात. चटई उचलली की अख्खी हातात येते. आता काढायचीच. आणखी दोन दिवस ठेवली तर चारा वाढेल असं वाटतं, पण दाण्यातली शिदोरी संपलेली असते, आणि खालून सड सुरू होते. रिकामा ट्रे घासून, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवा. रोज एक ट्रे भरायचा, रोज एक काढायचा. सात ट्रे मांडणीवर आणि एक उन्हात, असा फेरा चालतो.

मूळ कोणतं, बुरशी कोणती

नव्या बायांना एक घोळ हमखास होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळाभोवती पांढरी मऊ लव दिसते. ती पाहून घाबरू नका. ती मुळाचीच केसं असतात, पाणी शिंपडलं की मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी पाणी मारूनही जात नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, राखाडी, हिरवट किंवा काळी होते आणि तिला कोंदट, आंबूस वास येतो. डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवा. चांगल्या ट्रेला भिजवलेल्या मक्याचा गोडसर वास असतो.

बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून बाकीचा खाऊ घालायचा मोह आवरा. मक्यावरच्या काही बुरशा असं विष तयार करतात की त्यानं बकरीचं काळीज खराब होतं, गाभ पडतो, आणि ते दुधात उतरतं. दूध उकळल्यानंही ते जात नाही. चाळीस रुपयांच्या मक्यासाठी बकरी घालवू नका. अख्खा ट्रे खताच्या खड्ड्यात टाका. पावसाळ्यात हवा दमट असते, बुरशी आवरत नाही, आणि बांधावर हिरवंगार असतं. म्हणून मृगाचा पाऊस पडून गवत उगवलं की मांडणी सोडून ठेवा, पुढच्या फाल्गुनात पुन्हा बांधा.

किती आणि कसा खाऊ घालायचा

तीस किलो वजनाच्या बकरीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा आहार लागतो. आपल्या एक किलो हिरव्या चाऱ्यात कोरडा भाग आहे फक्त सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून नुसत्या या चाऱ्यावर बकरी ठेवली तर ती पोटभर दिसेल, पण वाळत जाईल. मोठ्या बकरीला रोज पाऊण ते एक किलो पुरे. बाकी तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार, झाडपाला, आणि जमेल तशी मूठभर ढेप. चारा कमी असेल तर सगळ्यांना थोडा थोडा वाटू नका. शेवटच्या महिन्यातल्या गाभण, दूध पाजणाऱ्या, आणि चरायला लागलेली पिल्लं, यांचा मान पहिला. बोकडाला नंतर.

चटई हातानं तोडून, मोकळी करून कुटारात मिसळा. मुळासकट द्यायची, मुळातही गुण आहे. पहिल्या दिवशी मूठभर, मग रोज थोडं वाढवत आठवड्यानं पूर्ण. उपाशी बकरीला सकाळी सकाळी नुसता कोवळा चारा दिला तर पोट फुगतं. आधी थोडं कुटार खाऊ द्या. पोट फुगलं, हगवण लागली तर चारा बंद करून पशुसखीला बोलवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुदवाखान्याची मदत मागा.

ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी

काही बहिणी म्हणतील, आमच्याकडे पाणी नाही, वेळ नाही, मका घ्यायला पैसा नाही. त्यांना आम्ही म्हणतो, तुमचा उन्हाळ्याचा चारा मळणीच्या वेळी तुमच्या समोरच असतो. सोयाबीन निघतं, मग तूर आणि हरभरा निघतो. तेव्हा कुटाराचे ढीग वावरात पडलेले असतात. कोणी पेटवून देतं, कोणी ते पावसात भिजू देतं. दोन-तीन बायांनी मिळून ते आणावं, ताडपत्रीखाली कोरडं ठेवावं. मजुरीवर जाणाऱ्या बहिणींनी मालकाला विचारावं, कित्येक जण उचलून न्या म्हणतात. बकरीच्या उन्हाळ्याची ही पहिली पायरी आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे.

दुसरी पायरी, न्हाणीच्या पाण्यावर संकरित नेपियरची चार-सहा ठोंबं आणि कुंपणाला शेवगा व सुबाभूळ लावा. सांडपाण्यावर ती उन्हाळाभर तग धरतात. सुबाभळीचा पाला मात्र रोजच्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ज्यांना जागा आहे त्यांच्यासाठी हा हिरवा चारा मक्याच्या ट्रेपेक्षा स्वस्त पडतो. ट्रेची मांडणी ही तिसरी पायरी. ती खरी आहे बिनजमिनीच्या बाईसाठी, जिच्याकडे वावर नाही, बांध नाही, पण एक सावलीची भिंत, दोन हंडे गोडं पाणी आणि गाभण बकऱ्या आहेत.

सुरुवात एकाच ट्रेनं करा. गटातल्या एका घरी पंधरा दिवस करून पाहा, वही ठेवा. किती मका टाकला, किती चारा निघाला, किती ट्रे बुरशीनं गेले, हे रोज लिहा. बैठकीत वाचा. मग बाकीच्यांनी ठरवावं. जास्त माहिती हवी असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकांची स्नातकोत्तर संस्था आहे. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर आणि घातखेड इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. गटानं मिळून जा, प्रश्न लिहून न्या. लाजू नका. आपल्या पैशानं बकरी घेतली आहे, तिच्याबद्दल विचारायचा हक्क आपला आहे.

आणि पुढच्या वेळी कोणी येऊन सांगितलं की एकाचे आठ होतात, तर त्या मावशीचा प्रश्न विसरू नका. वरचे सात किलो येतात कुठून, ते विचारा. सही त्याच्यानंतर.

बहिणींनो, आजचं बोलणं इथंच थांबवतो. तुमचा पहिला ट्रे निघाला की आम्हाला कळवा. बिघडला तरी कळवा, त्यातून बाकीच्या शिकतील. नमस्कार.